पूर्वीचे लोक द्राक्षारस का पीत असत?

काही महिन्यांपूर्वी महाराष्ट्राबाहेरील एका शहरातील मराठी मंडळीत पवित्र शास्त्राचा अभ्यासवर्ग घेण्याचा योग आला. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय चालू होता. विधवांविषयीचा भाग झाला, वडिलांविषयीचा झाला, आणि तेविसाव्या वचनाशी येताच वर्गात हशा पिकला. पोटाच्या तक्रारी व वरचेवर येणारे आजारपण ह्यांवर उपाय म्हणून पौलाने तीमथ्याला नुसत्या पाण्यावर न राहता अल्प प्रमाणात द्राक्षारस घेण्यास तेथे सांगितले आहे. एक सुशिक्षित तरुण उभा राहून म्हणाला, "सर, त्या काळी पाणी पिण्याच्या लायकीचे नसे, म्हणून सगळेच द्राक्षारस पीत. प्रभू येशूने घेतला, प्रेषितांनीही घेतला. मग आम्हालाच बंदी का?" पुष्कळांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरील एक भगिनी मात्र खाली मान घालून शास्त्राची पाने उलटीत राहिली. तिच्या घरची हकिगत मला वर्ग संपल्यावर कळली.

त्या दिवशी मी दिलेले उत्तर घाईचे होते. तेच उत्तर आज सावकाश देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम शब्दाविषयी बोलले पाहिजे, कारण आपल्या मराठी भाषांतरात येथे एक अडचण आहे. 'द्राक्षारस' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे द्राक्षांचा ताजा, गोड रस उभा राहतो. त्यामुळे पवित्र शास्त्रातील द्राक्षारसाला नशा नसेच, असे अनेक भाविक मनापासून समजतात. हेतू चांगला असला तरी हे म्हणणे टिकत नाही. इब्री शास्त्रात नेहमी येणारा शब्द 'यायिन' हा आहे. नोहा जो पिऊन शुद्ध हरपून आपल्या डेऱ्यात पडला तो यायिनच (उत्पत्ती ९:२१), आणि मलकीसदेकाने भाकरीबरोबर अब्राहामापुढे आणला तोही यायिनच (उत्पत्ती १४:१८). नव्या करारातील ग्रीक शब्द 'ओइनोस'. इफिसकरांस लिहिताना ज्याने मस्त होऊ नये असे पौल बजावतो, तोच शब्द काना येथील लग्नाच्या वृत्तांतातही आहे. नव्या द्राक्षारसाने जुने बुधले फुटतात हा प्रभूचा दाखलाच पाहा (मार्क २:२२). रस आंबताना वायू सुटतो व कातडे ताणले जाते. जुन्या कातड्यात ताणण्याची शक्ती उरलेली नसते, म्हणून ते फुटते. ताज्या रसाने बुधला कशाला फुटेल? शास्त्रातील द्राक्षारस आंबलेला होता, हे मान्य करूनच आपण पुढे जाऊ या.

तो आंबलेला का होता, ह्याचे उत्तर त्या भूमीतच आहे. पॅलेस्टाईनमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. शास्त्रात ज्याला आगोटीचा व वळवाचा पाऊस म्हटले आहे, त्या दोहोंच्या मध्ये काय पडेल ते पडेल. उन्हाळ्याचे पाच-सहा महिने आकाश कोरडे असते. गहू सपाट जमिनीवर येतो, परंतु डोंगरउतारावरील खडकाळ जमिनीत द्राक्षवेलीची मुळे खोल जाऊन कोरड्या दिवसांतही तग धरतात. ऐन उन्हाळ्याच्या शेवटी, जुलै ते सप्टेंबरमध्ये, सगळी द्राक्षे जवळजवळ एकदम पिकतात. आता ह्या पिकाचे करावयाचे काय? काही खाल्ली जात, काही वाळवून मनुका होत (अबीगईलने दावीदाकडे मनुकांचे शंभर घड नेले होते), काही रस आटवून काकवीसारखा पाक केला जाई. उरलेली द्राक्षे खडकात खोदलेल्या कुंडात तुडविली जात. त्या उष्ण हवेत रसाला दोन-तीन दिवसांतच फेस येई, कारण आंबवणारे सूक्ष्म जंतू द्राक्षांच्या सालीवर असतातच. त्यांना थांबविण्याची विद्या त्या काळी कोणापाशी नव्हती. लुई पाश्चरने ह्या जंतूंचे कार्य उलगडून दाखविले ते १८५७ नंतरच्या वर्षांत. तोवर मनुष्यापुढे दोनच मार्ग होते : रस आंबू देऊन तो मडक्यात टिकवावा, नाही तर त्याचा शिरका होऊ द्यावा.

म्हणजे द्राक्षारस हे त्या शेतकऱ्याचे साठवलेले पीक होते. त्याकडे पेय म्हणून पाहण्यापूर्वी अन्न म्हणून पाहावे लागते. मद्यार्काच्या एका ग्रॅममध्ये सुमारे सात कॅलरी असतात, म्हणजे पिठातील एका ग्रॅमच्या पावणेदोन पट. अर्धपोटी राबणाऱ्या माणसाला हे आकडे ठाऊक नव्हते. अंगात बळ येते एवढे त्याला कळत होते. मेसोपोटेमियात बार्लीचे हेच झाले. तेथील उरुक नगराच्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर मजुरांना दिलेल्या बिअरच्या नोंदी आहेत, आणि मिसरातही मजुरी भाकरी व बिअर ह्या स्वरूपात मिळे. इब्री शास्त्रात द्राक्षारसाशेजारी 'शेखार' असा दुसरा शब्द येतो, ज्याला आपण 'मद्य' म्हणतो. तो बहुधा धान्याचा किंवा खजुराचा असावा.

आता पाण्याचा मुद्दा. पूर्वी पाणी दूषित असे म्हणून लोक मद्य पीत, हे वाक्य आज इतक्या ठिकाणी ऐकू येते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. परंतु आपल्या हातातील पवित्र शास्त्रच उघडा. इसहाकाच्या चाकरांनी विहिरींसाठी भांडणे सोसली, ती कशासाठी? रणांगणावर तहानलेल्या दावीदाला बेथलेहेमच्या वेशीजवळील विहिरीचे पाणी आठवले. हिज्कीया राजाने डोंगराच्या पोटातून सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा खोदून गीहोन झऱ्याचे पाणी यरुशलेमेत आणले, आणि तो बोगदा आजही पाहता येतो. शोमरोनी स्त्रीपाशी प्रभूने द्राक्षारस मागितला नाही. त्याने पाणी मागितले. दानीएल व त्याचे सोबती शाकभाजी व पाणी ह्यांवर राहून इतरांहून धष्टपुष्ट दिसले. लोक पाणी पीत होते, आवडीने पीत होते.

वाईट पाणीही होते, हे खरे. मारा येथील पाणी कडू होते, यरीहोच्या झऱ्याचे पाणी बाधक होते. टाक्यांत साठविलेले पावसाचे पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस कसे होत असेल, हे मराठवाड्यात किंवा राजस्थानात राहिलेल्या वाचकांना सांगावयास नको. परंतु पाण्यातील रोगजंतू दिसत नसल्यामुळे लोक चव, वास व रंग ह्यांवरून पाणी पारखीत, आणि वाईट पाणी टाळून चांगले शोधीत. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथसंग्रहात हवा, पाणी व स्थळे ह्यांविषयी एक स्वतंत्र ग्रंथ आहे. त्यात पावसाचे पाणी उकळून गाळून घ्यावे असे सुचविलेले आहे. मग पाण्यावर द्राक्षारसाचा उपाय मुळीच होत नसे का? काही प्रमाणात होत असे. द्राक्षारसातील आम्ल व मद्यार्क काही जंतूंना मारतात, त्याचा आंबटपणा शिळ्या पाण्याची चव झाकतो. रोमी शिपाई पाण्यात आंबट द्राक्षारस घालून पीत. वधस्तंभावर प्रभूच्या ओठांना लाविलेला आंब तोच असावा. परंतु तेथेही पेल्यात मुख्यतः पाणीच असे.

आणि ह्याच ठिकाणी तीमथ्याचे वचन आपल्या तरुण मित्राच्या विरुद्ध साक्ष देते. सगळेच लोक द्राक्षारस पीत असते, तर पौलाला तसे लिहिण्याची गरजच काय होती? तीमथ्य केवळ पाणी पीत होता! तो इफिसात होता (१ तीमथ्य १:३), आणि इफिस म्हणजे काही पाण्यावाचून तडफडणारे खेडे नव्हते. सम्राट औगुस्ताच्या अखेरच्या वर्षांत, इ.स. ४ ते १४ च्या दरम्यान, तेथे सेक्स्टिलियस पोलियो नावाच्या धनिकाने दगडी कमानींवरून कालव्याचे पाणी नगरात आणविले होते. काही भाष्यकार तीमथ्याच्या ह्या व्रताचा संबंध अन्नवर्ज्यतेची शिकवण देणाऱ्यांशी लावतात (४:३). कसेही असो, निरोगी माणसाला लिहिलेली ही मोकळीक नव्हे. आजारी माणसाला सुचविलेले हे औषध आहे.

औषध म्हणून द्राक्षारसाची थोरवी मोठी होती, कारण दुसरे फारसे काही नव्हतेच. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात राजमाता आपल्या मुलाला मद्यापासून दूर राहण्यास सांगते, न्यायनिवाडा बिघडेल म्हणून; आणि लगेच पुढे, मद्य द्यावयाचेच तर मरणास टेकलेल्याला व दुःखाने पिचलेल्याला द्यावे असेही म्हणते. ही वचने वाचून आपल्याला अवघडल्यासारखे होते. परंतु वेदनाशामक गोळी नाही, सुई नाही, भूल नाही, अशा जगाची कल्पना करा. शस्त्रक्रियेसाठी ईथरची भूल जाहीरपणे प्रथम दिली गेली ती १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, अमेरिकेतील बोस्टन शहरात. त्यापूर्वी हातपाय कापताना रुग्णाला मद्य किंवा अफू देत, आणि चार माणसे त्याला धरून ठेवीत. वधस्तंभावर देण्यापूर्वी प्रभूलाही गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला होता. तो त्याने घेतला नाही (मार्क १५:२३).

ह्याशिवाय आनंदाचे कारण होते, आणि ते आपण लपवू नये. स्तोत्रकर्त्याने मनुष्याचे अंतःकरण आनंदित करणारा द्राक्षारस देवाच्या दानांत गणला आहे (स्तोत्र १०४:१५). काना येथे लग्नात द्राक्षारस सरला तेव्हा यजमानाच्या अब्रूचा प्रश्न उभा राहिला. तेथील सहा दगडी रांजणांत प्रत्येकी दोन-तीन मण पाणी मावे; ग्रीक मापाने हिशेब केला तर सहांत मिळून सुमारे ४७० ते ७०० लिटर होते. अनेक दिवस चालणारे गावजेवण डोळ्यांपुढे आणले म्हणजे हा आकडा समजतो. आणि हो, ते रांजण हातपाय धुण्याच्या पाण्यासाठी होते, हेही विसरू नका. पाण्याचा दुष्काळ त्या घरी नव्हता.

परंतु त्या काळचा पेला व आजचा पेला सारखे नव्हेत. यशयाच्या काळी द्राक्षारसात पाणी घालणे हे भेसळीचे लक्षण मानले जाई (यशया १:२२). पुढे ग्रीकांच्या सहवासाने चाल बदलली, आणि यहूदी गुरूंच्या लेखनात एक भाग द्राक्षारसाला तीन भाग पाणी हे प्रमाण योग्य म्हणून आले. आंबून तयार झालेल्या द्राक्षारसात मद्यार्क साधारण १२ टक्के धरू. तीनपट पाण्याने तो ३ टक्क्यांवर येतो. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. साठ मिलिलिटरच्या एका पेगात जेवढा मद्यार्क पोटात जातो, तेवढा मिळविण्यासाठी तो पातळ द्राक्षारस सुमारे ८५० मिलिलिटर प्यावा लागला असता. ऊर्ध्वपातन करून मद्यार्क वेगळा काढण्याची रीत युरोपात बाराव्या शतकाच्या सुमारास आली. पौलाला, पेत्राला अशी बाटली कधी दिसलीच नाही. तीमथ्याचे वचन तिच्यावर चिकटवणे म्हणजे चुकीच्या रुग्णाचे चिठ्ठीवरील औषध घेण्यासारखे आहे.

पुढील काळात काय झाले ते थोडक्यात पाहू. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी नियम केले तेव्हा संन्याशाला द्राक्षारस शोभत नाही हे त्याला मान्य होते. पण लोक ऐकत नाहीत हे ओळखून त्याने दररोज एक हेमिना, म्हणजे अंदाजे पाव लिटर, एवढी मर्यादा घातली. उत्तर युरोपात हलकी बिअर घरोघरी होत असे, व ती करताना पाणी उकळले जात असल्याने ती पोटाला निर्धोक ठरे. लांबच्या जलप्रवासात पिपांतील पाणी नासे, म्हणून ब्रिटिश नौदलात खलाशांना बिअर व पुढे रम मिळू लागली. ती प्रथा ३१ जुलै १९७० रोजी बंद झाली, पाण्याची अडचण संपून कैक वर्षे लोटल्यावर! गरज जाते, सवय राहते, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. ऊर्ध्वपातित मद्य आधी औषधालयात आले, 'जीवनाचे जल' अशा नावाने. मग ते स्वस्त झाले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या गरीब वस्त्यांत जिन नावाच्या दारूने असा कहर केला की १७२९ ते १७५१ ह्या काळात इंग्लंडच्या पार्लमेंटला तिच्यावर एकामागून एक कायदे करावे लागले. तेथे ना पीक साठवायचे होते, ना पाण्याचा प्रश्न होता. उपाशी, थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला काही तास सगळे विसरायचे होते.

पाण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना न्याय म्हणून एक गोष्ट सांगतो. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने ६०० हून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो ह्यांनी घरोघर फिरून रोगाचे मूळ ब्रॉड स्ट्रीटवरील एका हातपंपात असल्याचे दाखविले. त्याच रस्त्यावर बिअरचा एक कारखाना होता. तेथील सत्तरांहून अधिक कामगारांपैकी एकही कॉलऱ्याने मेला नाही, कारण त्यांना बिअर फुकट मिळे व ते त्या पंपावर जात नसत. कारखान्याच्या आवारात स्वतंत्र विहीरही होती. म्हणजे बिअरने तेथे माणसे वाचविली, असे खुशाल म्हणा. परंतु हे शोधून काढणारे डॉ. स्नो तरुणपणीच मद्यत्यागाची शपथ घेतलेले गृहस्थ होते, आणि त्यांनी लोकांना बिअर पिण्याचा सल्ला दिला नाही; त्यांनी पंपाचा दांडा काढावयास लावला. तीस वर्षांनी, १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉख ह्यांनी आपल्याच कलकत्ता शहरात कॉलऱ्याच्या जंतूवरील संशोधन पूर्णत्वास नेले. त्यानंतर पाणी उकळून, गाळून घेण्याची गरज हळूहळू मान्य होत गेली.

तर मग पूर्वीच्या लोकांची कारणे अशी होती : टिकवावयाचे पीक, कष्टाला लागणारे बळ, औषधाचा अभाव, सणाचा आनंद, आणि कोठे कोठे वाईट पाणी. आपण त्यांना दोष देऊ नये. परंतु ह्यांतील कोणते कारण आज आपल्या स्वयंपाकघरात शिल्लक आहे, हे प्रत्येकाने पाहावे. औषधाचे म्हणाल, तर मद्याची गणना कर्करोगकारक पदार्थांत १९८८ सालीच झाली, आणि प्रकृतीला निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. 'डॉक्टरच थोडी घ्या म्हणतात' हा आधारही आता राहिला नाही.

त्या काळीही सगळ्यांना ती कारणे लागू होती असे नाही. रेखाबी घराण्याची गोष्ट यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायात आहे. येहू राजाच्या काळातील आपल्या मूळ पुरुषाची आज्ञा त्यांनी दोनशेहून अधिक वर्षे पाळली. द्राक्षमळा लाविला नाही, द्राक्षारस चाखला नाही, डेऱ्यांत राहिले. तीच भूमी, तोच उन्हाळा, त्याच विहिरी. मुलेबाळे वाढली, वंश चालला. देवाने यिर्मयाकडून त्यांच्यापुढे भरलेले पेले ठेवविले तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार दिला, आणि परमेश्वराने त्यांची वाखाणणी केली ती त्यांच्या आज्ञाधारकपणाबद्दल.

आता मागच्या बाकावरील भगिनीविषयी. वर्ग संपल्यावर ती बाजूला येऊन उभी राहिली. तिच्या पतीने पाच महिन्यांपूर्वी दारू सोडली होती. तो उपासनेला येत असे, पण प्रभुभोजनाच्या रविवारी मात्र घरीच राही. "त्यांना वासाचीही भीती वाटते," ती म्हणाली, "पेल्यात काय असते ते विचारायला लाज वाटते. आणि आज वर्गात सगळे हसले." माझ्याजवळ बोलायला शब्द नव्हते. बंधू ठेचाळत असेल तर मांस न खाणे व द्राक्षारस न पिणे बरे, असे ज्या पौलाने रोमकरांस लिहिले (१४:२१), त्याच पौलाच्या दुसऱ्या एका वाक्यावर आम्ही हसलो होतो.

हा प्रश्न तिच्याआधीही मंडळ्यांना पडलेला आहे. १८६९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतातील एक दंतवैद्य, थॉमस वेल्च, मेथडिस्ट मंडळीचा सभासद, ह्याने पाश्चरची युक्ती वापरून द्राक्षांचा रस बाटलीत तापवून न आंबता टिकविला, तो प्रभुभोजनाच्या पेल्यासाठी. आपल्याकडे पुष्कळ मंडळ्यांत ह्याहून साधी रीत चालते. मी त्या मंडळीतील एका वयस्कर बाईंना, ज्या वर्षानुवर्षे प्रभुभोजनाची तयारी करतात, बोलावून घेतले. त्यांनी त्या भगिनीचा हात हातात घेतला व सांगितले, "शनिवारी रात्री मी काळ्या मनुका धुऊन पाण्यात भिजत घालते. सकाळी त्याच पाण्यात उकळते, कुस्करते, पंच्याने गाळते. उपासनेला दोन तास असतात तेव्हा. आंबायला वेळच मिळत नाही त्याला. येत्या शनिवारी तू ये माझ्याकडे, आणि त्यांनाही घेऊन ये. गाळायला दोन माणसे लागतातच."